पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणू नका

(आपल्या दवाखान्यात दर महिन्याला येणाऱ्या शल्यचिकित्सकांनी पावसाळ्यापूर्वीच्या आरोग्यसेवक अभ्यासवर्गात केलेले भाषण. उपस्थितांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत खुसखुस झाली, ती मी ऐकली. हसा, त्यात वाईट काही नाही. नाशिकला माझ्याकडे मोठमोठे अधिकारी येतात, तेही या विषयाला हात घालायच्या आधी दहा मिनिटे हवापाण्याच्या गोष्टी बोलतात. उठता उठता म्हणतात, "डॉक्टर, अजून एक किरकोळ होतं." ते किरकोळच खरे दुखणे असते. म्हणून लाज फक्त आपल्या पाड्यावरच्या माणसाला वाटते असे समजू नका. पण शहरातल्या माणसाला लाजेनंतर दवाखाना जवळ असतो. आपल्या माणसाला लाज ओलांडल्यावर डोंगरही ओलांडावा लागतो.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, मग पुढचे बोलतो.

बारा वर्षांपूर्वी मी या भागात नवीन होतो. वीटभट्टीवरून परतलेली एक बाई जूनमध्ये दवाखान्यात आली. वय चाळिशीच्या आतबाहेर. म्हणाली, परसाकडे रक्त पडतं. त्या दिवशी बाहेर ऐंशीएक माणसे बसलेली. खोलीत पडदा नव्हता, मदतीला एक तरुण मुलगा होता. मी विचारले, दुखते का? ती म्हणाली, नाही. मी मनात म्हटले, मूळव्याध. मलम दिले, इसबगोल दिले, तिखट खाऊ नका म्हणून सांगितले. ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली. आता आव पडत होती आणि पुन्हा पुन्हा जावेसे वाटत होते. मी आवेची गोळी वाढवली. नवरात्राच्या सुमारास तिसऱ्यांदा आली, तेव्हा अंगाने उतरली होती. त्या वर्षी ती भट्टीवर गेलीच नाही, कारण पाटी उचलवत नव्हती. डिसेंबरात मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरबाईंनी तिला कुशीवर झोपवून तपासले. बोट आत घातल्याबरोबर गाठ लागली. गुदाशयाचा कॅन्सर होता.

मुंबईला नेले, ऑपरेशन झाले, पोटावर पिशवी बसवली. पुढचा पावसाळा तिने पाहिला. त्यापुढचा नाही.

तिने काही लपवले नव्हते. लाज गिळून तिने तीन वेळा सांगितले होते. पाहिले नाही ते मी. तेव्हापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला, तोच आज तुम्हाला देणार आहे: पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणायचे नाही.

आपल्याकडे त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याध हे एकच नाव आहे. रक्त पडले, मूळव्याध. दुखले, मूळव्याध. गळू झाले, मूळव्याध. प्रत्यक्षात ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. एकाचा उपाय दुसऱ्याला केला की नुकसान होते. नीट तीन प्रश्न विचारले तर तुम्हालाही पुष्कळ अंदाज येतो. दुखते का, आणि कधी? रक्त कसे पडते? काही बाहेर येते का?

पहिली, खरी मूळव्याध. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतात. कुंथून कुंथून त्या सुजतात, खाली सरकतात, त्यांनाच आपण मोड म्हणतो. आतल्या मोडाला दुखण्याची जाणीव नसते. म्हणून रक्त लालभडक, थेंबथेंब किंवा पिचकारीसारखे पडते, पण दुखत नाही. नुसते रक्त पडते ती पहिली पायरी. मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो ती दुसरी. बोटाने आत ढकलावा लागतो ती तिसरी. आत जातच नाही ती चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या बऱ्याच लोकांना ऑपरेशन लागत नाही. पोट साफ ठेवणे, कुंथणे बंद करणे, चोथा आणि पाणी वाढवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. न थांबणाऱ्या मोडाच्या मुळाशी आम्ही रबराचे बारीक कडे बसवतो. त्याला भूल लागत नाही. आठ-दहा दिवसांत मोड सुकून गळून पडतो. मोठ्या, बाहेरच राहणाऱ्या मोडांना मात्र ऑपरेशन करावे लागते. कडे बसवलेल्या माणसाला ताप आला, फार दुखू लागले किंवा लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला घेऊन या.

कधी कधी बाहेरच्या बाजूला एका रात्रीत निळसर, टणक, अतिशय दुखणारी गाठ येते. तिच्यात रक्त गोठलेले असते. पहिल्या तीन दिवसांत आणले तर तेवढी जागा बधिर करून ते काढता येते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. उशीर झाला तर शेक आणि दुखण्याची गोळी देऊन ती हळूहळू विरते. बाहेरून कोणी तिच्यावर काही लावू नये.

दुसरे दुखणे म्हणजे चीर. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. कडक खडा जाताना कातडी फाटते. रुग्ण सांगतो, काच चिरत गेल्यासारखे होते, आणि नंतर तासन् तास आग होत राहते. रक्त अगदी थोडे, खड्याला किंवा धुतलेल्या हाताला लागण्याइतके. दुखण्याच्या भीतीने माणूस परसाकडे जाणे टाळतो, मग खडा आणखी कडक होतो, पुन्हा चीर पडते. हे चक्र मोडायचे असते. ताजी चीर बहुतेक वेळा सहा आठवड्यांत बरी होते. शौच मऊ ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसायचे. आवळलेला स्नायू सैल व्हावा म्हणून डिल्टियाझेमचे मलम आम्ही सहा ते आठ आठवडे देतो. पण चौथ्या दिवशी बरे वाटले की लोक ट्यूब फळीवर ठेवून देतात. ती पुन्हा उतरवून द्यायचे काम तुमचे. एवढे करूनही चीर भरली नाही तरच स्नायूला छोटा छेद देणारे ऑपरेशन. त्याने काही जणांचा वाऱ्यावरचा ताबा कमी होतो, बाळंतपणे झालेल्या बाईच्या बाबतीत तर जास्तच जपावे लागते, म्हणून मलम आधी.

कोमट पाण्यात बसा असे मी मोखाड्याकडच्या एका आजीला सांगितले. महिना एप्रिलचा. ती म्हणाली, "दादा, प्यायला पाणी नाही, बसायला कुठून आणू?" माझी बोलती बंद झाली. टँकरवर जगणाऱ्या पाड्याला पुस्तकातला उपाय सांगत होतो मी. तेव्हापासून उन्हाळ्यात मी तांब्याभर कोमट पाणी आणि स्वच्छ फडके सांगतो. फडके भिजवून, पिळून शेकायचे. तेवढ्याने काम पूर्ण होत नाही, पण ठणका कमी होतो.

तिसरे, गळू आणि त्यातून होणारा भगंदर. गुदद्वाराजवळ पू साठतो, ठणका लागतो, ताप येतो, बसता येत नाही. अशा गळवाला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, चीर देऊन पू काढावाच लागतो. मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्याच दिवशी पाठवा. गळू आपोआप फुटले की माणसाला वाटते सुटलो. पण कित्येकांच्या बाबतीत आतून बाहेरपर्यंत एक बोगदा राहून जातो. बाहेरचे तोंड मिटते, पुन्हा भरते, पुन्हा वाहते. कपड्याला कायम डाग. हा भगंदर. मलमाने तो जात नाही.

इथे एका पोराची गोष्ट सांगतो. हायवेकडेच्या भिंतीवर जाहिरात असते ना, 'मूळव्याध-भगंदर, बिनऑपरेशन, एका इंजेक्शनात खात्री'? हा पोरगा तिथे गेला. भट्टीची उचल होती ती सगळी देऊन आला. इंजेक्शनाने आतली कातडी जळली. त्याआधी घरी कोणीतरी बिब्बा लावला होताच. बिब्ब्याच्या तेलाने चांगली कातडीही भाजून निघते, हे बिब्बे गोळा करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. माझ्याकडे आला तेव्हा मूळ दुखणे कुठले आणि जळाल्याची जखम कुठली, हे ओळखायलाच दोन भेटी लागल्या. शेवटी बोगद्याचा तुकडा तपासायला पाठवला, तर क्षय निघाला. सहा महिने क्षयाची औषधे घेतली, जखम भरली. ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. म्हणून वाहणारा, न भरणारा भगंदर दिसला की खोकला, ताप, वजन उतरणे, घरात कोणाला क्षय, हे आधी विचारा.

कोणी म्हणेल, डॉक्टर आपल्या जुन्या विद्येला नावे ठेवतात. तसे नाही. सुश्रुताने मूळव्याधीला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि कुठल्या मोडाला कुठला हे ठरवून सांगितले. भगंदराचे पाच प्रकार केले. मुख्य म्हणजे आत पाहण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचे एक यंत्र सांगितले. आज आम्ही वापरतो त्या प्रॉक्टोस्कोपचे ते पूर्वज म्हणा. भगंदराच्या क्षारसूत्राची पद्धत बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यांनी विसाव्या शतकात पुन्हा उभी केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक रुग्णालयांत तिची ऑपरेशनशी तुलना केली आणि 1991 साली निष्कर्ष छापले: भरायला वेळ जास्त लागतो, पण दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी. शिकलेल्या वैद्याने, नीट पाहून बांधलेले क्षारसूत्र हा चांगला उपाय आहे. न पाहता केलेला कुठलाच उपाय चांगला नाही, मग तो माझा असो की भिंतीवरच्या जाहिरातीचा.

आता ज्या खुणा दिसल्या की घरगुती उपाय थांबवून माणसाला घेऊनच यायचे, त्या ऐका. रक्तात आव मिसळलेली असणे. शौचाची रोजची सवय काही आठवड्यांपासून बदललेली असणे. जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटून पुन्हा पुन्हा जाणे. वजन उतरणे. अंगात रक्त कमी होऊन धाप लागणे. आणि चाळिशीनंतर नव्याने रक्त पडू लागणे. यातली एक खूण असली तरी पुरे. तरुण आहे म्हणून सोडू नका, आपल्या देशात हा कॅन्सर तरुणांतही दिसतो. आणखी एक, मोड दिसला म्हणजे कॅन्सर नाही असे होत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. म्हणून अशा माणसाची आम्ही दुर्बिणीने वरपर्यंत तपासणी करायला सांगतो. रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात. पैशाच्या धास्तीने कोणी घरी बसू नये. कार्ड आणि आधार घेऊन निघा, बाकीचे आपण पाहू.

सिकलसेलच्या रुग्णाबद्दल एक सांगतो. त्याचे रक्त कमी झाले की आपण सगळे सिकलसेलच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. त्याला विचारा, परसाकडे रक्त पडते का? मोडातून वर्षभर थोडे थोडे गेलेले रक्तही माणसाला पांढरा पाडते.

गरोदर बायांना आपण लोहाच्या गोळ्या देतो. त्याने शौच काळी होते आणि खडा होतो. काळी झाली म्हणून घाबरून गोळी बंद करू नये, त्याऐवजी पाणी आणि पालेभाजी वाढवावी. मात्र गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली, तर पोटात वरच्या भागात रक्तस्राव असू शकतो. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवा.

आणि कुपोषित लेकरू. परसाकडे बसले की आतडे लालबुंद होऊन बाहेर येते, आई किंचाळते. ही मूळव्याध नव्हे, हा गुदभ्रंश. स्वच्छ ओल्या फडक्याने हलक्या हाताने ते आत सारता येते. पण खरा उपाय म्हणजे जुलाब थांबवणे, जंतांचे औषध आणि पोटभर खाणे. वजन भरले की बहुतेक मुलांचे हे आपोआप थांबते. आत जात नसेल किंवा काळेनिळे पडत असेल तर वाट पाहू नका.

आता मुळाशी जाऊ. आपले जुने खाणे या दुखण्याला चांगले होते. नागलीची भाकरी, वरई, कुळीथ, पहिल्या पावसातला टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला. भट्टीवर गेलेले कुटुंब काय खाते? भात, पातळ कालवण, सकाळी चहा आणि बिस्किटे. पाणी मालकाच्या पिंपातले, तेही मोजून. आणि बाई दिवसभर परसाकडे जातच नाही. आडोसा नसतो. अंधार पडेपर्यंत धरून ठेवते, धरून ठेवता यावे म्हणून पाणीही कमी पिते. तिला 'कुंथू नका, पाणी प्या' असे सांगून मी कागद फाडून दिला, तर तो सल्ला झाला का? म्हणून भट्टीच्या मुकादमाशी बोलताना उचलीबरोबर आडोशाचेही बोला. इसबगोल देताना सांगा, पाणी भरपूर पिणार असाल तरच घ्या, नाहीतर पोट आणखी बांधून जाईल.

शेवटी तपासणीबद्दल. लोकांना तिचीच भीती असते, म्हणून काय होते ते त्यांना आधी सांगत जा. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. अंगावर चादर असते, लागते तेवढाच भाग उघडा. डॉक्टर आधी नुसते पाहतात. मग हातमोजा आणि वंगण लावून एक बोट, आणि गरज असेल तर छोटी नळी. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. ताज्या चिरेने कळवळत असलेल्या माणसाला त्या दिवशी बोट घालायचा हट्ट आम्ही धरत नाही. आधी दुखणे कमी करतो, मग तपासतो. पण तपासतोच. बाई असेल तर खोलीत दुसरी बाई असते. तुम्ही स्वतः अशी तपासणी करायची नाही. तुम्ही माणसाला खाटेपर्यंत आणायचे आणि बाईचा हात धरून उभे राहायचे.

लंडनमध्ये 1835 साली फ्रेडरिक सामन नावाच्या शल्यचिकित्सकाने सात खाटांचे एक रुग्णालय काढले, फक्त याच दुखण्यांच्या गरीब रुग्णांसाठी. पुढे ते सेंट मार्क्स म्हणून जगात नावाजले. सुरुवात सात खाटांची होती. आपली तर एकच आहे. पण आता तिच्याभोवती पडदा आहे, आणि पडद्याच्या आत उभी राहायला आपली एक सेविका आहे. त्या बाईच्या वेळी या दोन्ही गोष्टी नव्हत्या. मोठे यंत्र लागत नव्हते, पडदा लागत होता, आणि माझी दोन मिनिटे.

पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा प्रत्येक पाड्यावरून अशा एका तरी माणसाला घेऊन या, ज्याने हे दुखणे आजवर फक्त तुमच्याच कानात सांगितले आहे. कोण ते तुम्हाला आत्ताच आठवले असेल. त्याला सांगा, डॉक्टर ओरडत नाहीत, हसत नाहीत, आणि आता पाहिल्याशिवाय औषधही देत नाहीत.